फिलू की शारदा

वाकोल्यात स्वेटर काढावा अशी थंडी कधी पडत नाही. सकाळी नळाचं पाणी जरा टोचतं, दुपार लवकर आटोपते, आणि मग एके दिवशी कोर्टाच्या चारी कोपऱ्यांत बांबू उभे राहतात. बांबूंवर दिवे चढतात. बास्केटबॉलची टुर्नामेंट आली. आमची थंडी एवढीच. बांबू दिसले की माझ्या छातीत काहीतरी हलतं, आणि ते मी कुणाला सांगत नाही. मी कंपन्यांच्या गेटवर पत्रकं वाटणारी, मोर्चात घसा फोडणारी मुलगी. आमच्या मंडळींत हळवेपणाला फार मान नाही. पण आज लिहिते. एकदा लिहायलाच हवं.

कोर्ट म्हणजे फार काही समजू नका. गावठाणाच्या कडेला सिमेंटचा एक चौकोन. एका बाजूला ख्रिश्चन घरांचे जुने ओटे, दुसऱ्या बाजूला आमच्या कोकणातल्या लोकांच्या चाळी. पावसाळ्यात त्या सिमेंटवर इतकं शेवाळ धरतं की कावळासुद्धा घसरेल. नवरात्र संपलं की सगळ्या टीमने काथ्या घेऊन बसायचं आणि ते खरवडायचं, असा आमचा रिवाज. बायकांची टीम वेगळी, पुरुषांची वेगळी, पण खरवडायला सगळे एकत्र. नंतर चुन्याने रेघा मारायच्या. रिंगला जाळी नसायची. बॉल आतून गेला की बाहेरून, यावर दर मॅचला भांडण, आणि ज्याचा आवाज मोठा त्याची बास्केट.

यंदा खरवडताना पोरं भलतंच भांडत होती. कुणाच्या तरी अमेरिकेतल्या मामाने व्हिडिओ कॅसेट पाठवली आहे. तिकडचे दोन मोठे खेळाडू, एकमेकांविरुद्ध. एक न बघता पास देतो, दुसरा कुठूनही मारतो. पोरांनी ती कॅसेट घासून घासून पांढरी केली आहे.

"लीडर म्हणजे कोण माहितीये? शेवटचा बॉल मागून घेतो तो," पिंट्या म्हणाला.

"चल हट. ज्याच्याबरोबर तुझ्यासारखा गाढव पण खेळाडू वाटतो, तो लीडर," ग्लेन म्हणाला.

"मग तू कोणाबरोबर खेळतोस रे, अजून गाढवच वाटतोस?"

मला राहवलं नाही. म्हटलं, "अरे, हे भांडण याच भिंतीवर बसून आम्ही केलंय. कॅसेट नव्हती, समोर माणसं होती. फिलू आणि शारदा."

पिंट्याने काथ्या बाजूला ठेवला. "त्या बायका?"

बघा. त्या बायका. आपल्याच कोर्टावर, आपल्याच दिव्यांखाली जे झालं ते कुणी कॅसेटवर घेतलं नाही, म्हणून ते झालंच नाही. सात समुद्रांपलीकडच्या माणसाचा पास यांना पाठ, आणि शेजारच्या चाळीतल्या मुलीचं आडनावसुद्धा ठाऊक नाही. मी चिडले. घरी आले तरी चिडलेलीच होते. मग रात्रीचं जेवण झालं, ताटं घासून झाली, राग उतरला, आणि खाली नुसती आठवण उरली.

गिरण्यांच्या संपाची ती थंडी. मी तेव्हा टीममध्ये होते, म्हणजे बाकावर होते. आठवी-नववी खेळाडू. बाकावरून खेळ फार चांगला दिसतो. तिथे बसलेल्याला करण्यासारखं दुसरं काही नसतं.

फिलू गावठाणातली. घराण्याची भातशेती कधीच कॉलन्यांखाली गेलेली, बाप गोराईच्या मेव्हण्याबरोबर मासळीचा धंदा करायचा. उंच, काळीसावळी, केस कापलेले, आणि आवाज असा की अख्ख्या वाकोल्याला कळावं आज फिलूची प्रॅक्टिस आहे. ती तुम्हाला शिव्या घालून चांगलं खेळायला लावायची. "अगो, हात आहेत की सुके बोंबील?" असं तिने एकदा म्हटलं की पुढचा बॉल हातून सुटायची हिंमत व्हायची नाही. मॅच हरत आली की तीच बॉल मागायची. दोन बायका अंगावर घेऊन वर उडायची आणि खाली येईपर्यंत बॉल आत.

शारदा आमच्या चाळीतली, मालवणकडची. वडील गिरणीत, म्हणजे त्या वर्षी घरात. अंगाने बारीक. कॅनव्हासचे बूट फाटलेले, पण खडूने रोज पांढरे केलेले. बोलायची कमी. ती कुठे बघतेय हे कळायचं नाही, आणि कळायच्या आत बॉल तुमच्या हातात असायचा. छातीच्या उंचीवर, बोटं आपोआप मिटतील असा. मी आयुष्यात तिचे चार-दोनच पास घेतले असतील. आजही तळवे उघडले की मला ते आठवतात. हे जरा जास्त वाटेल, पण खरं आहे.

कॅप्टन कोण, हा वाद टीममध्ये कधी झाला नाही. तो विमानांनी सोडवला होता. विमानतळ इतका जवळ की दर थोड्या वेळाने डोक्यावरून विमान जायचं आणि तेवढा वेळ कुणाचं काही ऐकू यायचं नाही. बाहेरच्या टीम तेव्हा गडबडायच्या. त्यांची कॅप्टन तोंड उघडून उभी, आवाज नाही, पोरी एकमेकींकडे बघतायत. आमच्याकडे एरवी फिलूचं राज्य आणि विमान आलं की शारदाचं. फिलू ओरडता ओरडता मधेच थांबायची आणि शारदाकडे बघायची. शारदा भुवई हलवायची, कधी नुसती खांदा वळवायची. आम्ही पळायचो. विमान गेलं की फिलूचा आवाज जिथे तुटला तिथून परत सुरू. कुणी हे ठरवलं नव्हतं. सत्तेची अशी अदलाबदल मी नंतर कुठल्या संघटनेत पाहिली नाही, आणि मी बऱ्याच संघटना पाहिल्या आहेत.

खेळाच्या हाका मासळीच्या होत्या. दोघी मासे खाणाऱ्या घरांतल्या, त्यामुळे आपसूक आल्या असतील. 'बोंबील' म्हणजे सटकन निसटायचं. 'सुरमई' म्हणजे लांब पास. 'खेकडा' म्हणजे दोघींनी मिळून एकीला धरायचं. इतर टीमना काही कळायचं नाही. एकदा गोराईच्या मुली फेरीने खाडी ओलांडून खेळायला आल्या. फिलू ओरडली, "खेकडा!" तशी त्यांची एक जाडसर मुलगी बॉल घेऊन उभी राहिली आणि हसत म्हणाली, "खेकडे धरायला आम्हाला शिकवतंस काय गो?" आणि दोघींच्या मधून निघून गेली. त्या दिवशी आमची वाट लागली. फिलू आठवडाभर कुणाशी नीट बोलली नाही. शारदा मात्र ते आठवून पाणी भरताना एकटीच हसत होती.

त्या थंडीत बातमी आली. एक मोठी कचेरी बायकांची टीम उभी करत होती. खेळाडू म्हणून भरती, पर्मनंट नोकरी. टीम जवळजवळ भरली होती. एक जागा उरली होती. आमच्या टुर्नामेंटच्या फायनलला त्यांचे दोन साहेब बघायला येणार.

एक जागा. आणि वाकोल्यात दोघी.

त्या दिवसापासून भिंतीवरच्या गप्पांची चव बदलली. आधी आम्ही 'फिलू भारी की शारदा भारी' असं भांडायचो ते पोट भरलेल्या माणसासारखं. आता प्रत्येक शब्दाला टोक आलं. चाळीतले म्हणायचे, शारदाच्या घरात बाप संपात, तिला मिळालीच पाहिजे. गावठाणातले म्हणायचे, फिलूच्या घरात तरी कोण कमावतं, मासळीच्या पाटीवर पाच भावंडं. फिलूची आई त्यांच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मेणबत्त्या लावून आली. शारदाच्या आईने देवाला गाऱ्हाणं घातलं. दोघी नळावर भेटल्या तेव्हा एकमेकींना सांगून मोकळ्या झाल्या. देवांचीच पंचाईत झाली असणार.

आणि त्या दोघी? त्या रोज संध्याकाळी खेळत होत्या. एवढंच. मी बाकावरून त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचे, काही दिसतंय का म्हणून. काही दिसायचं नाही. प्रॅक्टिस संपली की दोघी नारळाच्या करवंटीतून एकाच बादलीतलं पाणी तोंडावर मारायच्या. फिलू म्हणायची, "साहेब येणार म्हणून पावडर लावू नकोस हां शारदा, घामाने पिठलं होईल." शारदा म्हणायची, "तू नुसती तोंड बंद ठेव. साहेबांना वाटेल सुशिक्षित आहेस."

फायनल मुलुंडच्या टीमशी. दिवे लागले, ओट्यांवर बायका, भिंतीवर पोरं, झाडावरसुद्धा कुणी कुणी. साहेब दोघे स्वेटर घालून आले होते. आमच्या थंडीला एवढा मान कुणी दिला नव्हता. ते स्कोअर लिहिणाऱ्याच्या टेबलाशी बसले.

मुलुंडच्या मुली शहाण्या. त्यांना ठाऊक होतं आमच्याकडे दोघीच आहेत. फिलूच्या हातात बॉल आला की दोघी तिच्यावर. शारदाच्या हातात आला की दोघी तिच्यावर. फिलूला घेरलं की ती शारदाला द्यायची. त्या दोघी शारदाकडे धावल्या की शारदा फिलूला. पुन्हा धावल्या की परत. असा तो बॉल त्या दोघींमध्ये विणला जात होता, आणि मुलुंडच्या मुली मधल्या मधे दमत होत्या. मग एका क्षणी कुणाचंच लक्ष नाही असं बघून बॉल सुटायचा, रिंगखाली.

रिंगखाली मंगल. मंगल आमची मैत्रीण, चाळीतलीच. अंगाने भरलेली, स्वभावाने गोड, धावायचा मनापासून कंटाळा. ती रिंगखाली जाऊन उभी राहायची आणि सगळा खेळ आपल्यापर्यंत यायची वाट बघायची. तिच्यावर कुणीच नव्हतं. बॉल आला, टाकला. आला, टाकला. प्रत्येक वेळी ती इतकी दचकायची की लोक हसायचे.

मधेच विमान आलं. सगळा आवाज गेला. मला तो क्षण अजून दिसतो. दिव्यांखाली दहा बायका धावतायत, आवाज एक नाही, फिलू तोंड मिटून शारदाकडे बघतेय, शारदा डावीकडे बघत उजवीकडे बॉल सोडतेय, आणि फिलू आधीच तिथे आहे. तिने मारायला हवा होता. समोर कुणी नव्हतं. भिंतीवरचे सगळे हात वर करून ओरडत होते, मार, मार, ऐकू काहीच येत नव्हतं. फिलूने वर उडी घेतली, दोन बायका तिच्यावर झेपावल्या, आणि तिने हवेतूनच बॉल खाली मंगलला दिला.

आम्ही जिंकलो. जिंकलो म्हणजे धुवून काढलं. ढोल आला, गावठाणातला बँजो आला, चाळीतल्या बायका आणि ओट्यांवरच्या बायका एका कोर्टावर नाचल्या. त्या गर्दीतून एक साहेब टेबलावरचा कागद हातात घेऊन पुढे आला. "सात नंबर कोण?"

सात नंबर मंगल होती.

त्या कागदावर फक्त बास्केट लिहितात आणि फाउल लिहितात. कुणी टाकला ते लिहितात, कुणी दिला ते लिहीत नाहीत. पासला रकाना नाही. साहेबांनी मॅचभर रकाने बघितले होते. इतक्या जवळ बसून, स्वेटर घालून, माणसांकडे न बघता रकान्यांकडे बघणारे असे साहेब मी पुढे खूप पाहिले. गेटच्या आतही तेच असतात.

मंगल रडायला लागली. "अहो, मी काय केलं? मी नुसती उभी होते."

साहेबांना वाटलं, विनय. जास्तच खूश झाले.

पहिली हसली ती फिलू. पोट धरून हसली. "घे गो मंगल, घे! उभं राहायचा पगार आख्ख्या देशात मिळतो, तुलाच का नको?" मग सगळे हसले. शारदा खाली बसून बुटाची नाडी बांधत होती. ती नाडी बांधायला तिला फार वेळ लागला.

चाळीत परतताना मी तिच्याबरोबर होते. दारात वडील बसलेले. त्यांनी विचारलं, "काय गो, जिकलंस?"

"जिंकलो, बाबा."

"मगे नोकरी?"

तिने बूट काढून दाराआड ठेवले आणि आत गेली.   

त्याच आठवड्यात मी आयुष्यातलं पहिलं पत्रक लिहायला घेतलं. वर मोठ्या अक्षरांत 'अन्याय'. खाली मागणी: निवड रद्द करा, खरी लायक खेळाडू घ्या. आणि तिथे अडले. खरी लायक म्हणजे कोण? नाव तर लिहायला हवं. शारदाकडे गेले. ती म्हणाली, "फिलू. लिही." फिलूकडे गेले. ती पाटीला लावायचा बर्फ फोडत होती. म्हणाली, "शारदा. लिही आणि जा, बर्फ वितळतोय." मी म्हटलं, एक काहीतरी ठरवा. फिलू म्हणाली, "आणि मंगलच्या पोटावर पाय? ती येऊन पेढे देऊन गेली काल. अर्धे पेढे तिच्या डोळ्यांच्या पाण्याने खारट." ते पत्रक निघालं नाही.

तिथून सगळं सुटलं. फिलूला पुढच्याच वर्षी कुवेतला एका घरी मुलं सांभाळायचं काम मिळालं. शारदा अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला लागली, मग घाटकोपरला लग्न करून गेली. मंगल अजून त्या कचेरीत आहे, टीममधून तिला लवकरच काढलं पण नोकरी राहिली, आणि तिचा कुणाला हेवा वाटू नये इतकी ती चांगली आहे. शेवाळ खरवडायला ती अजून येते. त्या दोघी येत नाहीत. फिलूशिवाय शारदा एक हंगाम खेळली. पास तसेच सुटायचे, छातीच्या उंचीवर, आणि जिथे सुटायचे तिथे कुणी नसायचं. लोक म्हणाले, शारदाचा खेळ गेला. हे ऐकून मला अजून संताप येतो. तिचा खेळ जागच्या जागीच होता. दुसरं टोक कुवेतला होतं.

इतक्या वर्षांत मला एक गोष्ट कळली, ती पोरांना सांगायची आहे. फिलू मोठी की शारदा मोठी, हा प्रश्न आमचा नव्हताच. आमच्या कोर्टावर तो नुसता चघळायचा प्रश्न होता. एक जागा आली आणि तो खरा झाला. जागा एकच का, असं मी विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही. दोन जागांची मागणी करायचं माझ्या डोक्यातही आलं नाही, पत्रकात मी एका नावासाठी रिकामी जागा सोडून बसले होते. वरचे लोक एक तुकडा टाकतात आणि खालचे एकमेकांना मापायला लागतात. आज गेटवर मी हेच बोलते. कोर्टाचं नाव घेत नाही.

यंदा पुन्हा निवडीला साहेब येणार आहेत. पुन्हा एक जागा. आणि आमच्याकडे पुन्हा दोन मुली आहेत, चांगल्या, एकमेकींना धरून खेळणाऱ्या. मी दोन जागांसाठी अर्ज फिरवते आहे, सह्या घेते आहे. पण अर्जाचं उत्तर यायच्या आधीच फायनल आहे, आणि साहेब तीच बघून निवडणार. मुली मला विचारतात, ताई, कसं खेळू? मला सांगता येईना. म्हणून परवाच्या रविवारी घाटकोपरला गेले, डोंगरावरच्या त्या खोलीत. शारदा दारात बांगडे साफ करत बसली होती. अंग भरलंय, केसांत एक-दोन पांढरे. बोटं मात्र तीच. तिने मला पाट सरकवला.

"फिलूचं पत्र येतं?" मी विचारलं.

"नाताळला कार्ड येतं. अक्षर घाणेरडं. अर्धं लागत नाही."

मी तिला त्या दोन मुलींचं सांगितलं. ती ऐकत राहिली, सुरी चालू. मग म्हणाली, "सांग त्यांना, मारा म्हणावं. दोघींनी मारा. बघणारा टेबलावर बसलाय तोवर पास देऊ नका."

"तू हे सांगतेस?"

"मग काय सांगू? दिवसभर उभी असते गं मी पॅकिंगला. पाय बघ." तिने पाय पुढे केला. घोटा सुजलेला होता.

 मग जे इतकी वर्षं बोलायचं होतं ते बोलले. म्हटलं, "शारदा, तुम्ही दोघींनी एकमेकींसाठी नोकरी सोडलीत. मी कायम हेच मानत आले. भाषणातसुद्धा सांगितलंय एकदा, नावं न घेता. एवढा त्याग..."

"कसला त्याग?" तिने मान वर केली. खरंच तिला कळलं नव्हतं. "नंदे, मला काय नोकरी नको होती? आदल्या रात्री झोप नव्हती मला. ठरवून गेले होते, आज सगळे मीच मारणार."

"मग मारले का नाहीस?"

शारदाने हातातला बांगडा पाण्यात सोडला. डोंगराखालच्या छपरांकडे बघत राहिली, जसं काही तिथे कुणी धावत होतं.

"अगं," ती म्हणाली, "फिलू मोकळी होती ना."